तिसरा नारळ

घाग गुरुजी कुणाच्याही घरी गेले की आधी वलणीकडे बघायचे. वलण म्हणजे आमच्याकडे पडवीत कपडे वाळत घालायची दोरी. बाकीची माणसं अंगणात शिरताना "हायेस काय गो घरात?" म्हणून हाक मारतात, म्हाताऱ्यांची चौकशी करतात. गुरुजी चपला काढता काढता वलणीवरचे कपडे मोजून मोकळे झालेले असायचे. मग पाण्याचा तांब्या हातात घेत सहज म्हणायचे, "धाकटी सून माहेराहून आली वाटतं." आणि ती खरंच आलेली असायची! लहानपणी आम्हाला ती जादू वाटायची. आता आठवलं की अंगावरून पाल गेल्यासारखं होतं.

मला त्यांनी पहिली ते चौथी शिकवलं. आमच्या वाडीची चिऱ्याची दोन खोल्यांची शाळा, आणि दोन्ही खोल्यांत गुरुजीच. प्रत्येक वाक्यानंतर ते "कळलं?" असं विचारायचे आणि सगळ्या वर्गानं एका सुरात "हो गुरुजी" म्हणायचं. ज्यांना काडीचं कळलेलं नसे ते सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचे. उत्तर जरा हळू आलं तर ते मान तिरकी करून परत विचारायचे, "कळलं?" आणि छप्पर उडेल असा "हो गुरुजी" ऐकूनच पुढच्या वाक्याला हात घालायचे.

शाळेशिवाय मास्तरांना काय काय करावं लागतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. जनगणना, पोलिओचे डोस, मतदार याद्या. इतर मास्तर ही कामं कपाळावर आठ्या घालून करायचे. गुरुजी आनंदानं करायचे. खाकी कव्हर घातलेली एक दोनशेपानी वही त्यांच्याकडे होती, वर चिकटवलेली चिठ्ठी, वळणदार अक्षर. त्यात प्रत्येक घराला एक पान. कोण जन्मलं, कोण मुंबईला गेलं, कोण तिथून न सांगता परत आलं. सरकारला हवं ते सरकारी कागदावर जाई, उरलेलं वहीत राही. ज्याची खात्री नाही ते लाल शाईनं. त्या वहीत माझंही पान होतं. काय लिहिलं होतं कोण जाणे.

निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, नाहीतर आंब्याची कलमं लावतात. आमचे गुरुजी निवडणुकीत शिरले. स्वतः उभे राहिले नाहीत, कुठल्या पक्षाचा झेंडाही हातात घेतला नाही. ते समोरच्या उमेदवाराची माहिती काढून द्यायचे. समोरचा म्हणजे कोण, तर जो विचारायला येईल त्याच्या समोरचा. एका निवडणुकीत ज्याच्यासाठी माहिती काढली त्याचीच पुढच्या निवडणुकीत काढायचे. या कामाला त्यांनी नाव ठेवलं होतं, गृहपाठ.

माझं खेडला तहसील कचेरीच्या बाहेर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. सकाळच्या एसटीनं गुरुजी यायचे, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि पिशवीतून कागद काढायचे. पाण्याची बाटली त्यांची, चहाही त्यांच्याच खर्चाचा. या कामाचा एक रुपया त्यांनी कधी कुणाकडून घेतला नाही, हे मी शपथेवर सांगेन. घेतला असता तर बरं झालं असतं. पोटासाठी केलं असं तरी म्हणता आलं असतं. ह्या माणसाला नुसती चव लागली होती हो.

आणि कागद मिळायचे कुठून? प्रत्येक कचेरीत, बँकेत, दवाखान्यात त्यांचा एक तरी जुना विद्यार्थी खुर्चीवर होता. गुरुजी काउंटरशी जाऊन उभे राहिले की तो पोक्त टकला माणूससुद्धा उठून उभा राहायचा. मग काय, "बाळ, जरा ते रजिस्टर बघू," आणि बाळ रजिस्टर दाखवायचा.

आता खरं सांगायचं तर सुरुवातीला मला त्यांचा अभिमान होता. एक ठेकेदार पंचायत समितीला उभा होता. आमच्या खालच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, त्यानं साकव बांधल्याचं कागदोपत्री होतं. पऱ्या होता, पाणी होतं, दोन्हीकडे माणसं होती, फक्त साकव नव्हता. गुरुजींनी माहितीच्या अधिकारात कागद काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि "काम पूर्ण" असं लिहिलेला कागद छातीशी धरून भर पऱ्यात उभं राहून फोटो काढून घेतला. तक्रारीत लिहिलं, "सदर साकवावरून मी स्वतः चालून पाहिले असता माझी पँट भिजली." टाईप करताना हसून हसून माझी बोटं चुकत होती. अख्खा तालुका हसला आणि तो ठेकेदार आपटला. माझे गुरुजी आहेत ते, असं मी गिऱ्हाइकांना सांगायची.

पुढच्या वेळी एक साधा माणूस उभा होता. त्याच्या कागदांत काही म्हणजे काही सापडेना. गुरुजी बेचैन झाले. "कोरी वही असूच शकत नाही," म्हणाले, "कोरी वही म्हणजे गृहपाठ चुकवलेला असतो." चार दिवसांनी एका डॉक्टरच्या चिठ्ठीची झेरॉक्स घेऊन आले. त्या माणसाच्या बायकोला मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू होत्या.

"गुरुजी, ह्यात त्यानं चोरलं काय?" मी विचारलं.

"मी कुठे चोरलं म्हणतोय? गोळ्यांची नावं खोटी आहेत का? नाहीत ना? मग टाईप कर. कळलं?"

"हो गुरुजी," मी म्हटलं. चाळिशी उलटलेली बाई मी, स्वतःचं दुकान चालवते, उधारी बुडवणाऱ्याला भर रस्त्यात झापते, आणि तोंडातून निघालं "हो गुरुजी". ती चिठ्ठी मोबाईलवर घरोघरी पोचली. त्या उमेदवाराची बायको दर शुक्रवारी बाजाराला आली की माझ्या दुकानात टेकायची, कधी कुळथाचं पीठ आणून द्यायची. त्यानंतर तिनं बाजाराला येणंच सोडलं. मी तेव्हाच गुरुजींना दुकानाची पायरी चढू द्यायला नको होती.

वंदना आमच्या वाडीतलीच, माझ्या घराच्या खाली दोन घरं सोडून. नवरा लोट्याला केमिकल कंपनीत, कंपनीच्या बसनं पाळीवर जातो. दोन मुलगे. बचत गटात तिचा शब्द चालायचा, कारण ती कुणाचं फुकट घेत नसे आणि कुणाला घाबरत नसे. नळाचं पाणी वाडीत आलं ते तिनं बायका घेऊन पंचायतीच्या दारात बसकण मारली म्हणून. रखडलेली जिल्हा परिषदेची निवडणूक एकदाची लागणार असं झालं, तेव्हा बायकांनीच तिच्या मागे टुमणं लावलं, उभी राहा.

तिला तिसरं मूलही होतं, एक मुलगी. साक्षी. मंडणगडला दिलेल्या तिच्या नणंदेला मूल होत नव्हतं. वंदनानं हे तिसरं बाळंतपण केलं तेच नणंदेसाठी, आणि पोर बाराव्या दिवशी नणंदेच्या मांडीवर गेली. पोरीला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती नणंदेला आई म्हणायची आणि वंदनाला मामी. दहावी झाली की सांगायचं, असं दोन्ही घरांनी ठरवलं होतं. वाडीला सगळं ठाऊक होतं. आमच्या वाडीत भांडणं काय कमी होतात? नळावर एकमेकींच्या सात पिढ्या बाहेर निघतात. पण पंधरा वर्षांत रागाच्या भरातसुद्धा हे कुणाच्या तोंडून निघालं नाही. आम्ही काही फार थोर माणसं आहोत असं नाही. पण एवढं एक पाळलं.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. अंगणात पाट मांडून पालखी बसवतात, घरची बाई देवीची ओटी भरते, आणि आमच्या वाडीत अशी रीत आहे की आपल्या प्रत्येक लेकरामागे एक नारळ तिनं पालखीपुढे ठेवायचा. मग गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे त्या घरासाठी देवीकडे मागणं मागतो, आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. वंदना दरवर्षी तीन नारळ ठेवायची. गुरव ते बघायचा आणि म्हणायचा, "बाय, ह्या घरची लेकरा, जवळ असतील, लांब असतील, त्यांका सुखी ठेव." आम्ही म्हणायचो, "व्हय म्हाराजा." शिमग्याला मामाकडे आलेली साक्षी तिथंच आरतीचं ताट धरून उभी असायची; तिसरा नारळ मामीनं भाचीसाठी ठेवलाय, असंच तिला वाटायचं. तीसुद्धा म्हणायची.

निवडणुकीच्या आधीच्या शिमग्यात नवऱ्यानं तिला बजावलं होतं, यंदा दोनच ठेव, उगाच कुणाच्या डोळ्यांवर येईल. हे तिनंच मला सांगितलं. "देवीपुढं खोटं कसं ठेवू गो?" म्हणाली, आणि तीन ठेवले. मी तिच्या शेजारी उभी होते. समोर गुरुजी होते, मोबाईल वर धरून. मला वाटलं पालखीचा फोटो काढतायत. "व्हय म्हाराजा" तेही म्हणत होते, खणखणीत आवाजात, आमच्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

निवडणूक लागली. अर्जासोबतचं प्रतिज्ञापत्र टाईप करायला वंदना माझ्याकडेच आली. अपत्यांच्या रकान्याशी थांबली. दोनाहून जास्त मुलं असली तर उभं राहता येत नाही, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण दिलेलं मूलही जन्म देणारीच्याच नावावर मोजतात, हे तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

"दोनच ना गो?" तिनं विचारलं. "साक्षी तर त्यांची."

"दोनच," मी म्हटलं आणि टाईप केलं.

अर्जांची छाननी व्हायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, मी दुकान आवरत असताना गुरुजी आले. पिशवीतून फाईल काढली. समोरच्या उमेदवाराच्या नावानं वंदनाच्या अर्जावर हरकत. आत एका सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स. साक्षीचं पूर्ण नाव, तिच्या शाळेचं नाव, इयत्ता. आणि पुरावा म्हणून त्या शिमग्याचा फोटो, पालखीपुढे ठेवलेले तीन नारळ. प्रत्येक नारळाभोवती लाल शाईनं गोल करून एक, दोन, तीन असे आकडे घातलेले.

शी! देवीपुढं ठेवलेले नारळ आणि त्यांच्यावर आकडे!

"गुरुजी, ही आपल्या वाडीतली आहे."

"म्हणून तर माहिती पक्की आहे."

"त्या पोरीला ठाऊक नाही हो. दहावीला आहे ती. अर्ज भरायच्या आधी तुम्ही वंदनाला नुसतं सांगितलं असतं, तर तिनं भरलाच नसता."

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. गणित सोपं असून न येणाऱ्या पोराकडे बघायचे तसे. "मग फाईलचा काय उपयोग?" म्हणाले.

"निदान पोरीचं नाव तरी काढा."

"नाव काढलं तर पुरावा अर्धा होतो. तिनं खोटं प्रतिज्ञापत्र केलंय. मी खरं सांगतोय. ह्यात एक अक्षर खोटं असेल तर दाखव. कळलं?"

एक अक्षरसुद्धा खोटं नव्हतं. तोच तर घाणेरडा भाग होता. मी खुर्चीवर बसले आणि टाईप केलं. त्याच संगणकावर, जिथं दोन दिवसांपूर्वी "दोन" टाईप केलं होतं. मी नाही केलं तर पलीकडच्या दुकानात जातील, असं स्वतःला सांगितलं. ते गेल्यावर फोन हातात घेतला. वंदनाला एक फोन केला असता, तर ती रातोरात नवऱ्याला घेऊन मंडणगडला गेली असती आणि पोरीला जवळ बसवून आपल्या तोंडानं सांगितलं असतं. निवडणूक गेली असती ती गेलीच असती. पण मग तिनं विचारलं असतं, तुला कसं कळलं? मी फोन पर्समध्ये टाकला आणि एसटी पकडली.

छाननीच्या वेळी मी तहसील कचेरीच्या दारातच उभी होते. समोरच्यांचा माणूस हरकत वाचायला लागला, चांगला आवाज चढवून. साक्षीचं नाव आलं, शाळा आली. निवडणूक अधिकारी साहेब म्हणाले, कागद द्या, वाचायची गरज नाही. पण तो थांबेना. वंदना उठून उभी राहिली. तिच्या वकिलानं तिचा हात धरला, तो तिनं सोडवला.

"सायेब, माझा अर्ज काढून टाका," ती म्हणाली. "आता काढा. पण पोरीचं नाव वाचू नका."

साहेबांनी मान खाली घातली. पण चार-पाच मोबाईल आधीच वर झालेले होते. गुरुजी मागच्या बाकावर बसले होते, पिशवी मांडीवर घेऊन. त्यांच्या ओठांची हालचाल दिसत होती. वाचणारा कुठं चुकतोय का ते बघत होते, वर्गात धडा वाचून घेताना बघायचे तसे.

दुपारच्या सुट्टीत मंडणगडच्या शाळेत एका मुलीनं साक्षीला तो व्हिडिओ दाखवला.

आठवड्याभरानं वंदना माझ्या दुकानात येऊन बसली. अर्ज बाद झालाच होता, त्याचं तिला काही नव्हतं. "जेवत न्हाय गो ती," म्हणाली. "आणि फोनवर एकच विचारते. दोन मुलगे ठेवलेत, मुलगी होती म्हणून मलाच दिलीत ना? आता काय सांगू तिला? मुलगा झाला असता तरी दिला असता, नणंदेला तसा शब्दच दिला होता. पण ती म्हणते, आता कायपण सांगाल."

मी चहा मागवला. तिनं घेतला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्याकडं तर न्हाय ना आला तो कागद टायपिंगला?"

"न्हाय," मी म्हटलं.

"मला वाटलंच. तू सांगितलं असतंस मला." आणि माझा हात दाबून ती गेली.

गुरुजींना मी जाब विचारला, नाही असं नाही. त्यांच्या पडवीत जाऊन विचारलं. ते वहीत काही लिहीत होते. म्हणाले, "लोकांना उमेदवाराबद्दल सगळं कळायला हवं." सगळं म्हणजे किती हो? न बांधलेला साकव कळायला हवा, हे मला तेव्हाही कबूल होतं, आजही आहे. अहो, वंदनाला तिसरं मूल आहे एवढं साहेबांच्या कानात सांगून कायद्याचं काम झालं असतं. पोरीचं नाव, तिची इयत्ता, देवीपुढचा नारळ, हे कशाला लागत होतं? कशालाही लागत नव्हतं. ते वहीत होतं म्हणून बाहेर आलं. हे सगळं मी त्यांना म्हटलं नाही. आत्ता तुम्हाला सांगतेय. तिथं मी एवढंच म्हटलं, "गुरुजी, वाईट केलंत." ते म्हणाले, "अक्षरं तर तुझीच होती." आणि लिहायला लागले.

हरकतीच्या खाली सही समोरच्या उमेदवाराची होती. गुरुजींचं नाव कुठंच नव्हतं. पण त्या वेळी पालखीपुढे मोबाईल धरून कोण उभं होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं. वाडीला एका दिवसात कळलं. टाईप कुणी केलं हे मात्र कागदावर कुठंच येत नाही.

मग शिमगा आला. साक्षी आली नाही. तिचे आईबापही आले नाहीत. पालखी वंदनाच्या अंगणात बसली. तिनं ओटी भरली आणि दोन नारळ ठेवले. गुरव जरा थांबला, तिच्या तोंडाकडे बघितलं. तिनं मान हलवली. त्यानं "जवळ असतील, लांब असतील" तसंच म्हटलं आणि आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं, पण आवाज बसलेले होते. पदरात तोंड घालून बायका रडत होत्या.

तिथून पालखी गुरुजींच्या घरी. घर टाळता येत नाही, देवी सगळ्यांची आहे. अंगण सारवलेलं होतं, रांगोळी होती. गुरुजींची पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे ओटी त्यांनी स्वतःच ठेवली, आणि पनवेलच्या मुलासाठी एक नारळ. धुतलेला सदरा, हात जोडलेले. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "बाय, ह्या घरच्या धन्याला, त्याच्या लेकराला सुखी ठेव..."

कुणी काही म्हणालं नाही.

ठरवलेलं नव्हतं, कुणी कुणाला खुणावलं नव्हतं. ढोलवाल्यांनी काठ्या खाली धरल्या होत्या. मुंबईहून आलेली माणसं जमिनीकडे बघत होती. गुरवानं पुढचं मागणं म्हटलं. पुन्हा तसंच. तेव्हा गुरुजींनी मान तिरकी केली आणि आमच्या सगळ्यांवरून नजर फिरवली. वर्गात उत्तर आलं नाही की फिरवायचे अगदी तश्शी. अर्ध्याअधिक लोकांना त्यांनीच शिकवलेलं. माझ्याशी येऊन ती नजर थांबली. मी पालखीकडे बघत राहिले. शेवटी ते स्वतःच म्हणाले, "व्हय म्हाराजा." पातळ आवाज होता. त्या मे महिन्यात मुलानं त्यांना पनवेलला नेलं आणि घराला कुलूप लागलं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या शिमग्यात, रिकाम्या पाटासमोर हात जोडून उभे असलेले, पालखी पुढे गेली तरी.

ती पुढे गेली ती माझ्याच घरी. मी धावत पुढे होऊन ओटी आणली, माझ्या दोघांसाठी दोन नारळ ठेवले. गुरवानं माझं नाव घेतलं, "बाय, हिच्या लेकरांना सुखी ठेव, हिच्या धंद्याला बरकत दे." आणि अख्खी वाडी गरजली, "व्हय म्हाराजा!" मघाशी राखून ठेवलेला सगळा आवाज त्यांनी माझ्या अंगणात ओतला. वंदना माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती. तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता.